एका खिळ्यावरची नऊ वर्षे

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध शिक्षक राहत असत. तंत्रनिकेतनात पस्तीस वर्षे संगणक शिकवून ते निवृत्त झाले होते. गावात कोणतेही यंत्र बिघडले की लोक आधी दुकानात जात, आणि दुकानदाराने हात टेकले की सरांकडे येत. सरांची एक खोड होती. ते यंत्राकडे उशिरा बघत, आधी त्या यंत्राच्या माणसांची चौकशी करत बसत. घाईतली माणसे यामुळे फार वैतागत, पण दुसरा इलाज नसल्यामुळे बसून राहत.

त्यांच्याकडे एक शिष्या येत असे. तीही तंत्रनिकेतनातलीच, हुशार, आणि शहरातल्या एका कंपनीचे काम आता घरूनच करणारी. जे नवे ते चांगले, असा तिचा साधा विश्वास होता. या वयात तो असायलाच हवा, त्याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही.

त्याच गावात एक बाई होत्या. ज्या काळात परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून तास-दोन तास ताटकळावे लागे, त्या काळात त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. गावातल्या निम्म्या जन्ममृत्यूंच्या बातम्या त्यांच्या कानांवरून पुढे गेल्या. “बोला, लाईन आली,” एवढेच त्या म्हणत आणि बाजूला होत. एक्स्चेंज बंद झाले, पण गाव त्यांना टेलिफोनबाईच म्हणत राहिले.

दहा वर्षांपूर्वी बाईंना अर्धांगाचा झटका आला. गळ्यातून आवाज निघे, पण त्याचे शब्द होत नसत. हात थरथरे, त्यामुळे लिहिणेही गेले आणि अक्षरावर बोट ठेवून दाखवणेही गेले. मान तर सतत किंचित हलत राही, आणि ज्याला जो हवा तो अर्थ त्या हलण्यातून काढता येई. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेल्या माणसाचे असे व्हावे, याला काय म्हणावे?

तेव्हा सरांच्या एका विद्यार्थ्याने बाईंसाठी एक प्रोग्रॅम तयार करायला घेतला. बाईंच्या यजमानांनी कागदांवर शब्द लिहून काढले. एकेक कागद समोर धरायचा, बाईंनी तो शब्द आपल्या परीने उच्चारायचा, आणि त्यांचा कोणता आवाज म्हणजे कोणता शब्द हे संगणकाने शिकत जायचे. हे चौदा महिने रोज सकाळी चालले. यजमानांनी यादीतला पहिला शब्द घातला होता ‘नाही’. विद्यार्थ्याने विचारले, पाणी नाही, चहा नाही, देवाचे नाव नाही, पहिलाच शब्द हा का? यजमान म्हणाले, “अरे, हो काय, कुणीही समजून घेतं. तिला नाही म्हणता आलं पाहिजे.”

प्रोग्रॅम तयार झाला. बाई आपल्या आवाजात काही म्हणत, आणि क्षण-दोन क्षणांनी संगणकातून स्वच्छ मराठी शब्द ऐकू येत. विद्यार्थी पुढे परदेशी गेला. यजमान चार वर्षांपूर्वी वारले. बाई त्या जुन्या संगणकाच्या आधाराने एकट्या राहत, शेजारीण येऊन-जाऊन असे, आणि सारे सुरळीत चालले होते.

मग एके दिवशी विजेचा दाब अचानक वाढला आणि संगणक जळाला. बाईंचे जुने ध्वनिमुद्रण त्याच्याबरोबर गेले. शिकून तयार झालेला प्रोग्रॅम मात्र यजमानांच्या चष्म्याच्या डबीत, एका पेन ड्राइव्हवर सापडला. मुलाने शहरातून नवा कोरा संगणक पाठवला. शिष्येने तो लावला, पेन ड्राइव्ह जोडला आणि म्हणाली, “अर्ध्या तासाचं काम आहे, आजी.”

संगणकवाल्यांचा अर्धा तास आणि शिंप्याचा उद्या हे एकाच घराण्यातले.

झाले असे. असा प्रोग्रॅम सगळी कामे स्वतः करत नाही. आचारी जसा मदतनीस बोलावतो तसा तो इतरांनी लिहून ठेवलेल्या लायब्रऱ्या बोलावतो. एक गणित करते, एक आवाजाचे तुकडे पाडते, एक शिकलेले ओळखते. या प्रोग्रॅमला अशा पाच लायब्रऱ्या लागत, आणि त्यांची यादी विद्यार्थ्याने सोबत ठेवली होती. यादीत पाचही नावे होती. कोणाची कितवी आवृत्ती, हे मात्र एकीपुढेही लिहिलेले नव्हते. संगणकाला नुसते नाव सांगितले की तो त्या नावाची सर्वांत नवी आवृत्ती घेऊन येतो. तशा त्या आल्या, आणि प्रोग्रॅमने तोंड उघडले नाही. तो आठ वर्षांपूर्वीच्या रीतीने काम सांगे, आणि या नव्या लायब्रऱ्या म्हणत, असले काम आता आमच्यात करत नाहीत.

शिष्येने एकीची जुनी आवृत्ती आणली, तर दुसरी अडून बसली. दुसरीला मागे नेले, तर तिसरीने तक्रार केली. एक सांधावे तर तेरा तुटावेत, असे तिचे दिवस जाऊ लागले. ती जोडीजोडीने गुण जुळवत बसे. दोघींचे छत्तीस गुण जुळले म्हणावे, तो त्यांचा तिसरीशी छत्तीसचा आकडा निघे. परदेशातल्या विद्यार्थ्याला तिने पत्र पाठवले. त्याचे उत्तर आले, “कोणत्या आवृत्त्या होत्या ते खरंच आठवत नाही गं. तेव्हा चाललं होतं, एवढं आठवतं.”

शेवटी तिने सगळ्या जगाची बोली समजणारा एक अगदी नवा प्रोग्रॅम आणून लावला. बाई त्याच्यासमोर बराच वेळ बोलल्या. बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. प्रोग्रॅमने पडद्यावर लिहिले, ‘धन्यवाद, पुन्हा भेटू.’ बाईंनी ते वाचले आणि शिष्येकडे पाहिले. तिला खाली बघावे लागले.

गुरुवारी बाईंच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मुलगा भला होता, आईवर त्याची माया होती. त्याने सांगितले की आता आईला एकटे ठेवण्यात अर्थ नाही, तो शनिवारी येईल, रविवारी तिला कायमची घेऊन जाईल, खोली तयार आहे. “येतेस ना, आई?” त्याने विचारले. बाईंची मान हलत होती, ती तर नेहमीच हलत असे. “हो म्हणाली,” मुलगा आनंदाने म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बाईंनी शिष्येचे मनगट धरले. त्या हातात इतकी ताकद असेल असे तिला वाटले नव्हते. त्या काहीतरी सांगू लागल्या, एकच आवाज पुन्हा पुन्हा काढू लागल्या. शिष्येला तो कळेना. तो ‘हो’ असेल, नाहीतर त्याच्या उलट असेल, आणि रविवारनंतर ते विचारण्यात अर्थ राहणार नव्हता.

शुक्रवारी सकाळी ती सरांकडे गेली. लॅपटॉप उघडून तिने बिघाडांची लांबलचक यादी दाखवायला सुरुवात केली. सरांनी पडद्याकडे पाहिले नाही.

“बाईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला कॅलेंडर आहे,” ते म्हणाले. “ते घेऊन ये.”

“तारीख मला माहीत आहे, सर.”

“यंदाचं नको. सगळ्यांत खालचं आण.”

शिष्येला राग आला. दोन दिवस उरलेले, आणि हे कॅलेंडर मागतात. पण सरांना उलट बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती गेली.

आपल्याकडे नवे कॅलेंडर आले की पुष्कळ घरांत जुने काढत नाहीत, त्याच खिळ्यावर नवे अडकवतात. बाईंच्या स्वयंपाकघरात एका खिळ्यावर अशी नऊ कॅलेंडरे होती. ओझ्याने खिळा वाकला होता. शिष्येने एकेक उतरवले. यजमानांचे अक्षर बारीक आणि सरळ होते. गॅस आला. पाणी उद्या नाही. दिवे गेले. चार वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरात हे अक्षर मार्चपर्यंत येऊन थांबले, पुढचे चौकोन कोरे होते. सगळ्यांत खालचे कॅलेंडर काढले तेव्हा भिंतीवर त्याच्या आकाराचा, मूळ रंगाचा तुकडा दिसला. बाई दारातून सगळे बघत होत्या. शिष्या म्हणाली, “परत आणून देते, आजी.”

सरांनी आपल्या भिंतीवरचे यंदाचे कॅलेंडर काढून उलटे ठेवले आणि त्या जागी हे आठ वर्षांपूर्वीचे अडकवले. मग पाने उलटत ते ऑगस्टवर आले. चौदा तारखेच्या चौकोनात लिहिले होते, ‘आज ही बोलली. नाही म्हणाली.’

“हे बघ,” सर म्हणाले. “आजपासून तू या तारखेला राहतेस.”

शिष्येला भलतीच शंका आली. सरांचे वय झाले होते, अशी विसरभोळी माणसे तिने पाहिली होती. ती मऊ आवाजात म्हणाली, “सर, चहा करू का तुमच्यासाठी?”

सर हसले. “कर. पण डोकं ठिकाणावर आहे माझं. तुझी पत्रिका केली असेल ना लहानपणी?”

“माझ्या आजीने करून घेतली होती.”

“कोणत्या पंचांगावरून? त्या वर्षीच्याच ना? ज्योतिषी म्हाताऱ्या माणसाचीही पत्रिका मांडतो तेव्हा त्याच्या जन्मवर्षाचं पंचांग काढतो, यंदाचं काढत नाही. पत्रिकेवर माझा विश्वास नाही, पण ही रीत शहाणी आहे. तू काय केलंस? आठ वर्षांपूर्वी जन्मलेल्याचे ग्रह यंदाच्या पंचांगात शोधलेस, आणि सापडले नाहीत म्हणून त्यालाच बोल लावलास. या पाचजणी एके दिवशी एका घरात सुखाने नांदत होत्या. हा तो दिवस. आता दोघीदोघींची भांडणं मिटवत बसू नकोस. प्रत्येकीला एवढंच विचार, त्या दिवशी तू कशी होतीस? तशीच ये म्हणावं. त्या तारखेनंतर जन्मलेलं काही उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही.”

शिष्येने थोडा विचार केला. “पण सर, नव्या संगणकावर पायथॉनच नवी आहे. ज्या भाषेत हे लिहिलंय तीच जुनी केली, तर तिथले बाकीचे प्रोग्रॅम मोडतील.”

“मग वेगळी चूल मांड. वेगळी चूल म्हटलं की लोकांना भांडणच आठवतं. कित्येक घरांत ती भांडण होऊ नये म्हणून मांडलेली असते. त्याच संगणकात एक कोपरा आखून दे. तिथे जुनी भाषा, जुन्या लायब्रऱ्या. बाहेर नवं जग आपलं चालू दे. एकाने दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा नाही.”

हे शिष्येला ठाऊक नव्हते असे नाही. कोपरा आखण्याची सोय तिने शंभर वेळा वापरली होती. पण आजवर तिने तो कोपरा नव्यासाठीच आखला होता. जुन्याला त्याच्या सगळ्या गोतावळ्यासकट बोलवायचे असते, हे तिच्या ध्यानात आले नव्हते.

ती तिथेच बसली. आठ वर्षांपूर्वीची पायथॉन आली. एकेका लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांच्या तारखा बघत, चौदा ऑगस्टपर्यंतची शेवटची कोणती ते ठरवत तिने पाचहीजणी बोलावल्या. त्या मुकाट्याने आल्या. शिकलेला प्रोग्रॅम इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उघडला, आणि शिष्येला वाटले की झाले. तेवढ्यात तो थांबला. आवाजाचे तुकडे पाडणारी लायब्ररी तुकडे पाडत होती, पण प्रोग्रॅमला ते नको त्या मापाचे वाटत होते.

तिची बोटे सवयीने नव्या आवृत्तीकडे वळली. मग तिने हात आवरला. सर खुर्चीत डोळे मिटून बसले होते, बहुधा झोपले होते. त्यांना उठवावे असे तिला वाटले नाही. ती उठून भिंतीजवळ गेली आणि चौदा तारखेच्या आधीचे चौकोन वाचू लागली.

अकरा तारखेला लिहिले होते, ‘नवे घातले. कालपर्यंत चालू होते ते बिघडले.’ बारा तारखेला, ‘नवे काढले. जुने परत. ठीक.’

तिने ते दोनदा वाचले. म्हणजे चौदा तारखेला घरात असलेली एकजण त्या दिवसाची नवी नव्हती, तिला मागे नेलेले होते. कोणती, ते शोधणे आता सोपे होते. अकरा तारखेच्या जरा आधी नवी आवृत्ती निघालेली लायब्ररी पाहायची. पाचांपैकी एकीचीच आवृत्ती नऊ ऑगस्टला निघाली होती, आणि ती आवाजाचे तुकडे पाडणारी. शिष्येने तिच्या आधीची आवृत्ती मागवली. प्रोग्रॅम सुरू झाला. पडद्यावर एकही तक्रार उमटली नाही, फक्त ऐकायला तयार असल्याची एक हिरवी खूण येऊन थांबली. त्या अक्षराच्या माणसाला ती कधी भेटली नव्हती, तरी तिला त्यांचा फार आधार वाटला.

“झालं का?” सरांनी डोळे न उघडता विचारले.

“बाईंचा आवाज ऐकल्यावर कळेल,” ती म्हणाली. पूर्वी ती ‘झालं’ म्हणून मोकळी झाली असती.

शनिवारी सकाळी दोघे बाईंकडे गेले. मुलगा येऊन पोचला होता. ओसरीवर खोकी बांधून तयार होती, एका खोक्यावर त्याने ‘आईची औषधे’ असे काळजीने लिहिले होते. “आता कशाला हा त्रास घेताय, सर?” तो म्हणाला. “तिकडे मोठे डॉक्टर आहेत, काहीतरी नवा उपाय निघेल.” सर म्हणाले, “दहा मिनिटं दे.” शिष्येने नव्या संगणकात कोपरा आखला, आदल्या दिवशी वहीत उतरवलेल्या आकड्यांप्रमाणे पाचही लायब्रऱ्या आणल्या, आणि माइक बाईंसमोर ठेवला.

बाईंनी माइककडे पाहिले. मग त्यांच्या गळ्यातून आवाज निघाला. एक क्षण गेला, दुसरा गेला.

“बोला,” संगणक म्हणाला. “लाईन आली.”

मुलगा खोक्यावर बसला. शेजारीण चहा घेऊन दारात उभी होती, ती पदराने डोळे पुसू लागली. बाईंनी तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा काही म्हणाल्या. संगणक म्हणाला, “चहात साखर नको. बारा दिवस सांगते.” सगळे हसले, शेजारीण रडता रडता हसली.

मग मुलाने विचारले. त्याचा आवाज दबला होता. “आई, तू येतेस ना?”

बाईंची मान नेहमीसारखी हलत होती. त्यांनी तोच आवाज काढला जो गुरुवारी मनगट धरून काढला होता.

“नाही,” संगणक म्हणाला.

प्रोग्रॅमला शब्द मोजकेच येत होते, यजमानांनी निवडलेले तेवढेच. त्यामुळे बाई तुटक तुटक बोलल्या, आणि एकेक वाक्य स्वच्छ ऐकू आले. “तुझं घर चांगलं. हे घर माझं. इथे मला सगळं सापडतं. रागावू नकोस. तू ये. सुट्टीत ये. मुलांना आण.”

“गुरुवारी मला वाटलं, तू हो म्हणालीस,” मुलगा म्हणाला.

शिष्येने पिशवीतून कॅलेंडर काढून ऑगस्टचे पान त्याच्यासमोर धरले. त्याने वडिलांचे अक्षर वाचले. जे कॅलेंडर वडिलांनी कधी उतरवले नाही, ज्याच्यावर दरवर्षी नवे चढत गेले, ते त्याने दोन्ही हातांत धरले. ‘आज ही बोलली. नाही म्हणाली.’ ते वाचून त्याला हसू आले, आणि मग त्याला चष्मा काढावा लागला.

थोड्या वेळाने त्याने खोक्याची दोरी सोडली आणि औषधे पूर्वीच्या फळीवर लावली. मग हातोडी मागून घेतली. जुना खिळा त्याने ठोकून सरळ केला आणि आठ कॅलेंडरे होती त्याच क्रमाने त्यावर अडकवली. यंदाच्या कॅलेंडरसाठी त्याने शेजारी दुसरा खिळा मारला. सर ते पाहत होते. त्यांनी शिष्येकडे पाहिले, आणि तिने मान डोलावली.

निघण्यापूर्वी शिष्येने पेन काढले. यंदाच्या कॅलेंडरवर त्या शनिवारच्या चौकोनात, जमेल तितक्या बारीक अक्षरात, तिने पाच नावे लिहिली आणि प्रत्येक नावापुढे आवृत्तीचा आकडा लिहिला. पायथॉनचाही लिहिला. आठ वर्षांनी कोणीतरी पुन्हा या खिळ्यापाशी उभे राहील, त्याला शोधत बसावे लागू नये. मग जरा थांबून खाली तिने लिहिले, ‘आजी बोलल्या.’

“अजून काही लिहायचं राहिलं का, आजी?” तिने विचारले.

बाई माइककडे झुकल्या. “नाही,” संगणक म्हणाला.